जिन्यातली खुर्ची

सकाळी उतरताना ती तिथं नव्हती, संध्याकाळी चढताना होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून ठेवलेली लाल प्लॅस्टिकची खुर्ची. तिचा एक हात तडकलेला होता आणि तारेनं बांधलेला होता. आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, खांदेश्वरच्या नव्या स्टेशनापासून चालत येण्याजोगी. जिन्यात सायकली असतात, मोडके पाळणे असतात, गणपतीच्या मखराचे तुकडे असतात, पण ती सगळी अडगळ टाकलेली असते. ही खुर्ची कुणीतरी ठेवली होती, फडक्यानं पुसली होती. आणि गेले काही महिने मी जिथं थांबत होतो, नेमकी तिथंच ठेवली होती. थांबत होतो म्हणजे काय, चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकायचो, नाहीतर खिडकीतून कामोठ्याकडच्या अर्ध्यामुर्ध्या इमारती बघायचो, छातीवर कुणीतरी तळवा दाबून धरल्यासारखं वाटायचं ते ओसरेपर्यंत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. वैजयंतीनं विचारलं, "दम लागला का हो?" की मी म्हणायचो, "छे!" हा शब्द मी इतका घोटला होता की तो श्वास न घेताही म्हणता यायचा. मग इथं खुर्ची कुणी ठेवली? मी तिच्यावर बसलो नाही. हात मात्र लावून बघितला, सवयीनं. बैठक कोमट होती. म्हणजे आत्ता, मी यायच्या जरा आधी, इथं कुणीतरी बसलेलं होतं.

संशयाचा मी पगार घेतो, असं आमचे सासरे म्हणायचे. जावईबापू आरतीचं तबकसुद्धा उलटं करून बघतील, हेही त्यांचंच. महाप्याला वॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी नोकरी, आलेला माल तपासून घ्यायची. बाहेरून पेट्या येतात, वर शिक्का असतो, आत कागदात गुंडाळलेला चकचकीत माल असतो, आणि तो माल खरंच नवा आहे की कुणीतरी जुनाच घासूनपुसून पाठवलाय हे बघायचं माझं काम. पुरवठादार हसतमुख असला की मी पेटी तळापासून उपसायला लावतो. ही खोड कारखान्यात ठेवून येता येत नाही. कंपनीची बस घरापाशी सोडते तेव्हा ती माझ्याबरोबर उतरते. दूधवाला, आमच्या मुलाचे, वरदचे मास्तर, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना मी अशाच नजरेनं बघत आलो. वरद आता पुण्याला नोकरीला आहे. फोनवर तो "बाबा, तुम्ही कसे आहात?" असं विचारण्याआधी क्षणभर थांबतो. आईनं काय सांगितलंय ते तो आठवून घेत असतो, हे मला कळतं.

त्यामुळे गेल्या साली, सत्त्याण्णवात, माझ्या हृदयाच्या पुढच्या शिरेत स्टेंट बसवला तेव्हाही माझं समाधान झालं नव्हतं. स्टेंट म्हणजे तारेची इवलीशी जाळी, शिरेत फुग्यानं फुलवून बसवतात, शीर उघडी राहावी म्हणून. नवीन चीज आहे काका, अगदी लेटेस्ट, असं डॉक्टर चिटणीस म्हणाले होते. हसून म्हणाले होते, तिथंच मला खटकलं. बसवल्यावर मला रिकामं खोकं दाखवलं. रिकामं खोकं हा कशाचा पुरावा? खोकं रिकामं आहे याचा. मी विचारलं, "डॉक्टर, नीट बसलं ना?" त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "वहिनींना सगळं सांगितलंय." हे आपल्याकडचं एक आहे. शरीर ज्याचं त्याला थोपटायचं, आणि बोलायचं ते दाराबाहेर, दुसऱ्याशी. मी खाटेवरून काचेच्या दारापलीकडे बघत होतो. डॉक्टरांचे ओठ हलत होते, वैजयंती मान डोलवत होती, एकदा तिनं पदर तोंडाला लावला. आत आली तेव्हा म्हणाली, "छान झालंय म्हणे." एवढा वेळ बोलून फक्त एवढंच? आमच्याकडे असा माल आला असता तर मी लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवला असता.

खुर्चीनंतर मात्र सगळ्याच गोष्टी एका ओळीत येऊन बसायला लागल्या. वैजयंती बाजारातून येताना जिन्यापाशी नेहमी म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे." पूर्वी मला वाटायचं पिशव्यांमुळे म्हणत असेल. आता कळलं, मागून येऊन ती माझी पावलं ऐकते. मी कुठं अडखळतो, कुठं टेकतो, त्याचा हिशोब ठेवते. पहिल्या मजल्यावर तिच्या चपलेचा पट्टा निघायचा. रोज कसा निघतो? मला पुढे जाऊ द्यायला, दुसरं काय. तिसऱ्या मजल्यावर जाईबाईंच्या दारात ती गप्पा मारत उभी राहायची, तीही बराच वेळ. जाईबाई परभणीकडच्या, त्यांचे यजमान किसनराव टेलिफोन खात्यात, माणसं सरळ, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दारात जास्वंदीची कुंडी. आमच्या वैजयंतीचं आणि त्यांचं गूळपीठ. मी वरून आमच्या दारात उभा राहून ऐकायचा प्रयत्न करायचो. शब्द कळायचे नाहीत, फक्त जाईबाईंचं "आन् मग?" तेवढं ऐकू यायचं. आणि मग? म्हणजे अहवाल चालू आहे. रात्री झोपताना तिनं दोन उशा घ्यायला सुरुवात केली होती, उंच डोकं करून झोपायची. मी विचारलं तर म्हणाली, "मान दुखते." मला माहीत होतं, माझ्याकडे नीट दिसावं म्हणून. दोन-तीनदा मला जाग आली तेव्हा ती खरंच जागी होती, भिंतीला टेकून बसलेली. मी डोळे मिटून श्वास एकसारखा ठेवला.

एका दुपारी मी मुद्दाम खाली उतरून खुर्ची तपासली. उलटी केली. पाय चारी धड होते. खाली फरशीवर कोथिंबिरीची एक काडी आणि कढीपत्त्याची दोन पानं पडलेली. म्हणजे भाजीची पिशवी घेऊन कुणीतरी बसतं. जाईबाईच असणार, दुसरं कोण? पण जाईबाई धडधाकट बाई, पाण्याचे हंडे घेऊन जिना चढणारी. त्यांना मधे बसायची काय गरज? तर खुर्ची नेहमीची वाटावी, माझ्यासाठीच ठेवलीय असं वाटू नये, म्हणून त्या अधूनमधून बसून दाखवत असणार. तर्क अगदी चोख बसला आणि मला बरं वाटलं. मी तसाच वर जाऊन त्यांची बेल वाजवली.

"जाईबाई, ही खुर्ची तुमची ना? उचला तिथून. जिना काय बसायची जागा आहे?"

"असू द्या की भाऊ," त्या म्हणाल्या. "काय खातीय का ती? कुनाला टेकाया लागतं."

"कुणाला?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून वर बघितलं. मी वळलो. वैजयंती आमच्या दारात, कठड्यावर हात ठेवून उभी होती, आणि तिनं मान अगदी किंचित हलवली. नाही, अशी. जाईबाई म्हणाल्या, "मलाच वो. गुडगे दुखत्यात." हे त्या दोघींनी माझ्या डोळ्यांदेखत केलं. मी तिला घरात येऊन विचारलं, काय चाललंय तुमचं? ती म्हणाली, "तुम्हाला ना, सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच आहे." पण बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकी उघडत होती.

एवढं सगळं पकडूनही शेवटी पकडला गेलो तो मीच. पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर छातीवरचा तळवा उठेना. खुर्ची हातभर अंतरावर होती. मी बसलो नाही, भिंतीला धरून उभा राहिलो, घाम मानेवरून शर्टात उतरत होता, आणि तरी माझ्या डोक्यात एवढंच होतं की बसलो तर त्या दोघी जिंकल्या. किसनराव वरून उतरत होते, त्यांनी मला धरलं. पुन्हा तेच हॉस्पिटल, पुन्हा तीच तपासणी. मांडीच्या सांध्यातून नळी, शिरांत रंग. या वेळी डॉक्टर चिटणीस हसले नाहीत. माझ्यासमोरच बोलले, मी हट्ट धरला म्हणून. स्टेंट आतून पूर्ण बंद झालाय, म्हणाले. आत्ता नाही, बंद होऊन बरेच महिने झाले असणार, त्यामुळे आतला भाग घट्ट झाला असेल. "एक प्रयत्न करू. बारीक तार पलीकडे गेली तर फुगा घालून पुन्हा उघडता येईल. नाही गेली तर औषधं, आणि पुढं वाटलंच तर बायपास." मी विचारलं, "पण मुळात स्टेंट होता का आत?" वैजयंतीनं डोळे मिटले. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "टेबलावर पडद्याकडे बघत राहा काका. दाखवतो."

सही करण्यापूर्वी मी पुष्कळ दिवस घोळ घातला. भीती शस्त्रक्रियेची नव्हती, खरं सांगायचं तर. भीती ही होती की झाल्यावर मला खरं कोण सांगणार? उघडलं तर म्हणणार उघडलं, नाही उघडलं तरी म्हणणार उघडलं, आणि मी चौथ्या मजल्यावर पडून खालून येणारं "आन् मग?" ऐकत बसणार. शेवटी मी वैजयंतीला समोर बसवून म्हटलं, "एक कबूल कर. काय होईल ते मला तू सांगायचं. जसंच्या तसं." ती म्हणाली, "सांगेन." मी म्हटलं, "शपथ?" तिनं हात माझ्या डोक्यापर्यंत आणला आणि तिथून तसाच खाली घेऊन माझ्या शर्टाचं बटण लावलं. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

टेबल थंड होतं आणि मी पूर्ण जागा. सांध्यापाशी बधिर केलेलं, अंगावर हिरवी चादर, डोक्यावर फिरणारं यंत्र, आणि डावीकडे पडद्यावर माझं हृदय. रंग सोडला की अंगभर ऊन पसरल्यासारखं वाटायचं आणि पडद्यावर काळ्या फांद्या उमटायच्या. पुढची शीर थोडी खाली येऊन एकदम संपत होती, बोळ भिंतीशी संपावा तशी. "तो बघा, काका," डॉक्टर म्हणाले. रंग ओसरल्यावर त्या भिंतीच्या पुढं एक पुसटशी रेघ राहिली होती, रंगाच्या नाही, धातूच्या सावलीची, आणि ती माझ्या ठोक्याबरोबर हलत होती. होता. वर्षभर मी ज्याच्यावर खटला चालवला तो स्टेंट आत होता, अगदी सांगितल्या जागी. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला आठवलं ते काचेपलीकडचं तोंडाला लावलेलं पदराचं टोक. ती तेव्हा रडली होती, बस एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूच्या शिरेत रंग सोडला आणि मी बघतच राहिलो. त्या धडधाकट शिरेपासून केसाएवढ्या वाकड्यातिकड्या वाटा निघत होत्या आणि मागच्या अंगानं येऊन बंद शिरेचा पुढचा भाग हळूहळू भरत होत्या. "हे काय?" मी विचारलं. "बारक्या वाटा. शीर बंद व्हायला लागली की हृदय आपली आपण वाढवतं. यांच्यावरच तर तुम्ही चालताय." आमच्या इमारतीचं पाणी गेलं की शेजारच्या विंगमधून कुणीतरी गुपचूप नळी टाकून आमची टाकी भरून देतं, सेक्रेटरीला न विचारता, तसंच हे. मी आलेला माल नेहमी पुढच्या दारानं तपासला. मागच्या दारानं काय येतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. पण हा विचार तिथं टिकला नाही, कारण आता तार पुढं सरकत होती. ती भिंतीपाशी जायची, टोक वाकायचं, मागं यायची. दुसरी तार. पुन्हा तेच. जड शिशाच्या झग्यात डॉक्टर घामेजले होते. मी ओळखलं. नटाचे आटे बसत नाहीत तेव्हा फिटरची मान अशीच होते. शेवटी ते शेजारच्या डॉक्टरांना इंग्रजीत हळू म्हणाले, जात नाही, जोर लावला तर शीर फाटेल, थांबूया. माझं शिक्षण फार नाही, पण कारखान्यात तेवढं इंग्रजी होतंच. मग ते माझ्यावर वाकले, तोंडावरचा मास्क खाली केला, आणि म्हणाले, "झालं काका. आता आराम. वहिनींशी बोलतो."

मी वॉर्डात पडून होतो, मांडीवर वाळूची पिशवी, आणि काचेकडे बघत नव्हतो. या वेळी बघायची गरजच नव्हती. मला उत्तर माहीत होतं, आता फक्त ती काय सांगते ते बघायचं होतं. असं मी पुरवठादारांशी पुष्कळदा केलंय. तिचा आवाज आला. "अहो." मी डोळे उघडले. ती हसत होती, ओठ कोरडे पडलेले. "उघडलं म्हणे. मोकळी झाली शीर." मी म्हटलं, "असं?" ती म्हणाली, "हो. आता काळजीचं काही कारण नाही." आणि चादर नीट करत राहिली, आधीच नीट असलेली. पण पकडल्याचा आनंद झाला नाही, आयुष्यात पहिल्यांदा. नुसतं एकटं वाटलं.

घरी आलो ती संध्याकाळ कोरडी, उकाड्याची होती. रिक्षातून उतरून जिन्यापाशी आलो. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. मी सावकाश चढलो. मागे पहिल्या मजल्यावर चपलेचा पट्टा निघाल्याचा आवाज आला. दुसरा मजला झाला. वळणावर आलो तेव्हा तळवा छातीवर बसलाच होता, आणि खिडकीखाली भिंत मोकळी होती. फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे गोल डाग तेवढे होते. ती खालून आली, हातात हॉस्पिटलची पिशवी.

"खुर्ची कुठंय?"

"ती होय? मी जाईबाईंना सांगितलं उचलायला. तुम्हाला डोळ्यांसमोर नको होती ना? आणि आता... कशाला लागतेय आता?"

आता आणि कशाला यांच्यामध्ये एक मोठी जागा होती. ती जागा शब्द शोधण्याची नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं पिशवी खाली ठेवली होती आणि एक हात भिंतीवर, डाग होते त्याच्या बरोबर वर. तेवढ्यात वर दार उघडलं. आमचा आवाज ऐकून जाईबाई आल्या होत्या, आणि आमच्याकडे बघून पुन्हा आत गेल्या आणि लाल खुर्ची डोक्यावर धरून उतरल्या. मी बाजूला सरकलो, खुर्ची माझ्यासाठीच आणलीय असं समजून. त्यांनी खुर्ची भिंतीशी ठेवली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "बसा वैनी."

वैजयंतीनं मान हलवली. तीच, किंचित. नाही, अशी.

"नाही काय? ओठ बगा कसं झाल्यात. भाऊ, तुमीच सांगा यास्नी आता. बाजारातनं येताना रोज हितं बसत्यात, उभ्याउभ्या घामाघूम व्हायच्या म्हनून म्याच ठिवली व्हती. तुमास्नी सांगू नगा म्हनल्या, तुमालाच टेन्शन, म्हनून मी गप ऱ्हायले. पर किती दिस?"

कोमट बैठक. कोथिंबिरीची काडी. दोन उशा आणि मध्यरात्री भिंतीला टेकून बसणं. सगळा माल माझ्या टेबलावर येऊन पडला होता, एकेक नग हातात घेऊन मी बघितला होता, आणि सगळ्यांवर माझंच नाव चिकटवलं होतं. रोज निघणारा पट्टा. मी खडा काढायला वाकायचो, ती पट्टा लावायला वाकायची, एकाच जिन्यात, एक मजला सोडून. तिला खांद्याला धरून मला खुर्चीत बसवावं लागलं. ती बसली आणि तिचा श्वास मला ऐकू आला. तो तिथं कधीपासून होता कोण जाणे.

"मला काय झालंय?" ती म्हणाली. "छे!"

तो शब्द माझा होता. तो कसा बनवतात हे मला ठाऊक होतं, श्वास न घेता.

मी तिच्यासमोर पायरीवर बसलो. जाईबाई पाणी आणायला वर गेल्या. "वैजू," मी म्हटलं, "माझं उघडलेलं नाही."

तिचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"बघितलं मी. तार जात नव्हती. मागच्या वाटांवर चाललंय सगळं. डॉक्टर थांबले ते बरंच केलं."

"मग मी म्हटलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

ती खुर्चीच्या तारेनं बांधलेल्या हातावर अंगठा फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. "तुम्ही धसका घ्याल म्हणून," एवढंच म्हणाली. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं मला वाटलं, आणि ठेवला.

"आता तुझं सांग. कधीपासून?"

"फार नाही हो," वैजयंती म्हणाली. "अधूनमधून. चढताना जरासं."

मी तिच्या गळ्याच्या खळीकडे बघत होतो. ती भराभर आत-बाहेर होत होती. माझा तिच्या बोलण्यावर अजिबात विश्वास बसला नाही.